रंगीत नकाशाआधी सिग्नल बघा

आमच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या भट्टीचं तापमान ध्वनिलहरींनी मोजणारी यंत्रणा बसली, तेव्हा कंट्रोल रूममध्ये सगळ्यांनाच हायसं वाटलं. तोवर भट्टीत आत सरकवायचा थर्मोप्रोब होता, पण तो लाइट-अपपुरता, म्हणजे बॉयलर पेटवतानापुरता. वायू साधारण 540 अंशांवर गेला की तो बाहेर ओढावाच लागतो. त्यापुढे हजार-बाराशे अंशांपर्यंत सगळं अंदाजावर.

पद्धत खरोखर देखणी आहे. वायू जितका तापलेला, तितका आवाज वेगाने जातो. 20 अंशांच्या हवेत सेकंदाला 343 मीटर, तर 1200 अंशांना साडेसातशेच्या आसपास. एका भिंतीवरून आवाज सोडायचा, दुसऱ्या भिंतीवर टिपायचा आणि लागलेल्या वेळावरून त्या वाटेचं सरासरी तापमान काढायचं. चार भिंतींवर दोन-दोन सेन्सर लावले की 24 वाटा मिळतात, त्यांवरून आडव्या छेदाचा रंगीत नकाशा तयार होतो. मात्र 14 मीटरच्या भट्टीत शंभर अंशांचा फरक म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिसेकंद. सगळी मदार त्यावर.

एका रात्रपाळीत लोड वर-खाली झाला, कोळसा दळणारी मिल बदलली, तरी नकाशाचा एक कोपरा ढिम्म हलेना. तिकडे सुपरहीटरवर क्लिंकर, म्हणजे वितळून चिकटलेली राख, चढत होता. पीप-होलमधून बघितलं तेव्हा नळ्यांना लगडलेले लालभडक गोळे दिसले. त्या कोपऱ्यातल्या सेन्सरची भिंतीतली नळी उघडली, तर तिचं तोंड वितळून गोठलेल्या राखेने बंद. सिग्नल येत नव्हता आणि यंत्रणा शेवटचं चांगलं वाचन धरून बसली होती! आपल्याकडच्या कोळशात राख इतकी, की हे कुठेही घडू शकतं.

म्हणून नव्या इंजिनिअरांना मी सांगतो: पडद्यावर आधी प्रत्येक वाटेच्या सिग्नलचा दर्जा बघा, नकाशा नंतर. राख झाडणाऱ्या सूटब्लोअरच्या गोंगाटात आलेल्या वाचनावर विसंबू नका. सेन्सरच्या नळीत जाणारा वेळ वजा होतोय ना, हे नळी बदलली की पुन्हा तपासा. वाचन खराब झालं की ते धरून न ठेवता अलार्म यावा, अशी मांडणी पुरवठादाराकडून लेखी करून घ्या. नळीत रॉड घालणाऱ्याला फेसशिल्ड द्या, आणि भट्टीचा ड्राफ्ट उणे असल्याची खात्री करूनच त्याला पुढे पाठवा. लोड बदलूनही आकडा हलत नसेल, तर बर्नर-टिल्टला हात लावण्याआधी स्वतः पीप-होलपर्यंत जाऊन या.