दोन शिक्षक, चार इयत्ता

प्रश्न : आमगाव तालुक्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत दोघेच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो. मुले वाचनात मागे आहेत. काय करावे?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, इयत्तांची वाटणी करून आपापल्या खोलीत कष्टत राहण्याऐवजी, चारही इयत्तांतील मुलांची वाचनाची प्रत्यक्ष पातळी दोघांनी मिळून तपासावी, त्यानुसार गट पाडावेत आणि कोणाचे कोठे अडते याची नोंद एकाच वहीत ठेवून दर शनिवारी ती समोरासमोर बसून पाहावी, असे माझे निश्चित मत आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने अनेक शाळांचे शिक्षक असेच परस्परांच्या अनुभवातून शिकत गेले. पालकांनाही केवळ स्वाक्षरीपुरते बोलावू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. रोवणीच्या दिवसांत हजेरी रोडावते, तेव्हा समितीतील मातांनी बांधावर जाऊन इतर मातांशी बोलणे हे शाळेच्या हुकूमवजा चिठ्ठीपेक्षा खचित गुणकारी. घरी पोवारी वा झाडीबोली बोलणाऱ्या पहिलीच्या बालकास वर्गात तीच बोलू द्यावी. तेथे चौथीची मुलेच आपली साहाय्यक होतील.