साखरेला मनाई नव्हती, मग घोडं कुठं अडलं?

शंका : अमेरिकेने इराणवर निर्बंध घातले, तरी अन्नधान्य त्यातून वगळलं होतं असं वाचलं. मग तिकडे साखर द्यायला आपले कारखाने का बिचकायचे?
– एक ऊस उत्पादक, शिरोळ

समाधान : आपण वाचलंत ते खरं आहे. अन्न आणि औषधं वगळलेलीच होती. घोडं अडलं पैशापाशी. डिसेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणशी एशियन क्लिअरिंग युनियन या देशादेशांतले हिशेब मिटवणाऱ्या व्यवस्थेमार्फत होणारे व्यवहार थांबवले. मार्च 2012 मध्ये बँकांचे निरोप देशोदेशी पोचवणाऱ्या स्विफ्टने इराणी बँका आपल्या जाळ्यातून तोडल्या. माल जाईल, पण बिल वटणार कुठं?

त्यावर दिल्लीने काढलेली वाट मला आजही हुशारीची वाटते. 2012 पासून इराणच्या तेलाचे 45 टक्के पैसे रुपयांत, कोलकात्याच्या यूको बँकेत जमा करायचे. त्या रुपयांतून इराणने आपला तांदूळ, साखर, चहा घ्यायचा. यूकोची अमेरिकेत शाखाच नव्हती, म्हणून तिची निवड.

मध्यंतरी सैल झालेले निर्बंध नोव्हेंबर 2018 मध्ये पुन्हा लागले. इराणचं तेल घ्यायला भारताला मिळालेली सवलत 2 मे 2019 ला संपली आणि तेल बंद झालं. विहिरीचा झरा बुजला. साठलेलं पाणी तेवढं उपसायचं उरलं. त्या शिलकीवर साखर जात राहिली, पण प्रत्येक सौद्याला शिल्लक आटत गेली. इकडे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, द्यायची असते. तेव्हा असल्या गिऱ्हाइकाला बिचकणाऱ्या कारखान्याला मी दोष देणार नाही. (2023-24 च्या हंगामात तर आपल्याच सरकारने निर्यात बंद ठेवली. ते दुखणं निराळं.)

शंका : दुबईच्या व्यापाऱ्याकडून पंपाच्या कास्टिंगची चौकशी आली आहे. माल पुढे इराणला जाणार असं दिसतं. अमेरिकेचा कायदा आम्हाला लागतो का?
– एक फाउंड्रीचालक, शिरोली एमआयडीसी

समाधान : थेट लागत नाही, पण निर्धास्त राहू नका. अमेरिकेच्या 8 मे 2019 च्या आदेशात इराणचं लोखंड, पोलाद, अॅल्युमिनियम, तांबं आलं; 10 जानेवारी 2020 च्या आदेशात बांधकाम, खाणकाम, कापडउद्योग आणि सगळी कारखानदारी. या क्षेत्रांना लक्षणीय माल पुरवणारा कुठल्याही देशाचा असो, अमेरिका त्याला काळ्या यादीत घालू शकते. लक्षणीय म्हणजे किती टन, ते आदेशात नाही. ही मोघम भाषा मुद्दाम ठेवली आहे, असं माझं मत. यादीत नाव गेलं की डॉलरचे व्यवहार थांबतात आणि युरोपातली गिऱ्हाइकंही फोन उचलत नाहीत.

व्यापाऱ्याकडून माल शेवटी कोण वापरणार, ते लेखी घ्या. टाळाटाळ करू लागला तर ऑर्डर सोडा. रुपयांत पैसे देतो म्हणाला, तरीही. रिझर्व्ह बँकेने जुलै 2022 पासून परदेशी व्यापार रुपयांत करायला मुभा दिली आहे, पण त्या मुभेने यादीतलं नाव पुसलं जात नाही. आगाऊ रक्कम घेण्याआधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात एकदा जाऊन या.