टाकाऊ लाकूड व समाजोपयोगी उद्योग
(सामान्य विज्ञान व नागरिकशास्त्र यांचा समवाय पाठ : इयत्ता ७ वी)

हेतू : एकदा वापरलेली वस्तू निरुपयोगी ठरतेच असे नाही, तिच्या पुनरुपयोगातून माणसास उपजीविका व प्रतिष्ठा दोन्ही लाभू शकतात, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

विवेचन : इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरी १९९८ साली रिचर्ड मेहमेद यांनी टाकाऊ लाकूड गोळा करणारी संस्था स्थापन केली. बांधकाम संपताच फळ्या, तुळया व खोकी फेकून दिली जात. १९९६ पासून ब्रिटनमध्ये कचरा जमिनीत पुरण्यावर कर बसल्याने त्याची विल्हेवाट महाग झाली होती. संस्थेची माणसे मोबदला घेऊन हे लाकूड उचलीत व वखारीत आणीत. २००३ पासून अशा संस्थांचे राष्ट्रीय जाळे उभे राहिले.

वखारीत लाकडाचे तीन ढीग होतात. धड फळ्या खिळे काढून विकतात किंवा त्यांची बाके व मेजे करतात. त्याहून हलक्या, स्वच्छ लाकडाचे सरपण होते. उरलेले कारखान्यात जाते. तेथे त्याचा चुरा करून दाबलेले तक्ते बनतात. हा क्रम हेतुपूर्वक आहे. फळी फळीच राहिली तर श्रम व इंधन सर्वांत कमी लागते. शिवाय सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो. लाकूड जाळल्यास तो तत्काळ हवेत जातो. हवेवाचून जमिनीत कुजल्यास मिथेन वायू निर्माण होतो. बाकात मात्र तो वर्षानुवर्षे राहतो.

या कामाची दुसरी बाजू माणसांची आहे. दीर्घकाळ बेकार असलेल्यांस, आजारातून उठलेल्यांस वा तुरुंगातून सुटलेल्यांस सहसा कोणी काम देत नाही. येथे ते खिळे उपटण्यापासून सुतारकामापर्यंत शिकतात आणि वेळेवर येण्याची सवय व आत्मविश्वास मिळवितात. ही भिक्षा नव्हे. मालाच्या विक्रीतून व उचलण्याच्या मोबदल्यातून खर्च भागवावा लागतो. मात्र शिल्लक राहिलेला पैसा पुन्हा याच कार्यात घातला जातो. हाच सामाजिक उद्योगाचा विशेष होय.

शिक्षकांस सूचना : मोडकी बाके व खोकी आणवून विद्यार्थ्यांकडून त्यांची प्रतवारी करवावी. गंजलेले खिळे शिक्षकांनी स्वतः काढावेत. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो मुलांकडून खरवडवू नये. रंगविलेले वा कीडनाशक औषध लावलेले लाकूड चुलीत घालू नये. त्याचा धूर व राख विषारी असू शकते. परदेशी मालाच्या लाकडी फळ्यांवर छाप असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले व ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले लाकूड होय. दुसऱ्या प्रकारचे लाकूड वापरू नये.

चर्चेसाठी प्रश्न :

१. लाकूड जाळण्यापूर्वी त्याची फळी होईल काय, हे का पाहावे?

२. एखादा शिकाऊ कामगार संथ आहे. त्यास काढून टाकल्यास माल लवकर तयार होईल. ठेवल्यास तो कारागीर होईल. संस्थेने काय करावे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. संस्था बुडाली तर सर्वांचेच काम जाते, आणि संथ माणसास काढले तर संस्थेचे प्रयोजनच उरत नाही, या दोन्ही गोष्टी मुलांनी स्वतः तोलून पाहाव्यात.