कळा सोसायच्या, पण मुकाट्याने नाही

प्रश्न : मी २६ वर्षांची पहिलटकरीण आहे, सातवा महिना सुरू आहे. दुखणं थांबवणारं इंजेक्शन न घेता प्रसूती व्हावी, असं वाटतं. सासूबाई म्हणतात, ‘दातओठ खाऊन पडून राहायचं, दुसरा उपाय नाही.’ मला नाही जमलं तर?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमची भीती स्वाभाविक आहे. पण औषधाविना म्हणजे निमूट सोसणं नव्हे. कळ साधारण मिनिटभर टिकते, मग ओसरते. मधली विश्रांती तुमची असते. भीतीने अंग आवळलं की दुखणं वाढतं, म्हणून सराव आतापासून करा. नाकाने श्वास घ्या, तोंडाने सावकाश सोडा. खांदे, जबडा सैल ठेवा. कण्हावंसं वाटलं तर खुशाल कण्हा.

डॉक्टरांची हरकत नसेल तर चाला, कुशीवर वळा, पुढे वाकून उभ्या राहा. कंबरेला मालीश आणि शेक यांनी आराम पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही हे उपाय आहेत. सोबत कोणाला थांबता येईल, हे रुग्णालयात आधीच विचारा. सासूबाईंनाच कंबर चोळायला सांगा. त्यांचा हात मोठा आधार ठरेल.

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, दिवस भरण्याआधीच कळा – यांपैकी काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा.

एपिड्युरलची, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या त्या इंजेक्शनची, सोय आहे का, तेही विचारून ठेवा. ऐनवेळी ते मागावंसं वाटलं, तर जरूर मागा. ती हार नाही.