शब्दपरिचय : ‘लिफ्ट’ आणि ‘उचल’

‘लिफ्ट’ हे इंग्रजी क्रियापद प्राचीन नॉर्स भाषेतून आले. ‘लोप्त’ म्हणजे हवा, आकाश, तसेच माळा. त्यावरून ‘लिफ्ट’चा मूळ अर्थ हवेत चढविणे. माळ्यासाठीचा ‘लॉफ्ट’ हाही त्याच कुळातील.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील बंगळूरमध्ये हा अर्थ रोज अनुभवास येतो. सुमारे १०० किलोमीटरवरील तोरेकाडनहळ्ळी येथून कावेरीचे पाणी तीन टप्प्यांत सुमारे ५०० मीटर वर चढविले जाते. मराठीत यास ‘उपसा’ म्हणतात.

दोन्ही भाषांत उचलण्याला चोरीचाही अर्थ आहे : इंग्रजीत ‘शॉपलिफ्टिंग’, मराठीत ‘उचलेगिरी’. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. बंदी मात्र इंग्रजीत ‘लिफ्ट’ होते, मराठीत ‘उठते’.

आगाऊ रकमेस ‘उचल’ म्हणणे हे मराठीचे वैशिष्ट्य. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत त्यांचे श्रम बांधलेले राहतात. शब्द हलका असला, तरी त्याचा भार मोठा आहे. म्हणून उचल घेण्यापूर्वी फेडीचा हिशेब मांडणे हिताचे.