वाफशावर टोचून पाहा : उसाच्या जमिनीतील तव्याची शंकू-चाचणी



लागण बरी येते पण खोडवा बसतो, पाणी सरीत साचून राहते, ऊस मुळासकट कोलमडतो. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेकांची मागणी एकच असते, "साहेब, सबसॉयलर द्या." आमचे म्हणणे असे की, डिझेल जाळण्याआधी जमीन नेमकी किती खोलीवर दाबली गेली आहे ते बघावे. त्यासाठी शंकू-चाचणी चांगली.

ही चाचणी मूळची बांधकामवाल्यांची. हॉलंडच्या मऊ जमिनीत पाया कितपत धरेल हे पाहण्यासाठी १९३२ च्या सुमारास तेथे शंकू जमिनीत दाबून त्याला होणारा विरोध मोजू लागले. पुढे अमेरिकन सैन्याने चिखलातून गाड्या जातील की रुततील याचा अंदाज घेण्यासाठी हाताने दाबायचा लहान शंकू वापरला. शेतीत आला तो हाच. त्याचे टोक ३० अंशांचे, बूड सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे सव्वातीन चौरस सेंटिमीटर. लागलेल्या जोराला या क्षेत्रफळाने भागायचे. दर चौरस सेंटिमीटरला २० किलोच्या आसपास विरोध झाला की बहुतेक पिकांची मुळे अडतात.

आता हिशेब बघा. ६५ किलोच्या माणसाने सगळे अंग टाकले तरच शंकू खाली जात असेल, तर विरोध झाला २० किलो! महागडे यंत्र नसले तरी लेथवाल्याकडून असा शंकू करून आडवी मूठ बसवता येते. दांडा मात्र शंकूच्या बुडापेक्षा बारीक हवा, नाहीतर माती दांड्याला धरते आणि विरोध उगाच जास्त वाटतो. दर चार इंचांवर खूण करावी. सावकाश, एकसारखे दाबावे. घणाने ठोकू नये.

सगळ्यात महत्त्वाचा वाफसा. गिरणा-मोसमच्या काठची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. तेव्हा टोचले तर प्रत्येकाच्याच शेतात तवा निघेल. उलट पाणी दिल्याबरोबर टोचले तर शंकू लोण्यात सुरी जावी तसा जाईल आणि खरा तवाही लपेल. म्हणून भरपूर पाणी देऊन वाफसा आल्यावरच तपासावे, आणि शेजारी दोन फूट खड्डा घेऊन खालपर्यंत ओल आहे ना, याची खात्री करावी. ओलीची नोंद नसलेल्या आकड्याला आम्ही तरी किंमत देत नाही.

एकरात दहा-पंधरा ठिकाणी टोचावे : वरंब्यावर, सरीत, ट्रॉलीच्या चाकोरीत, आणि तुलनेसाठी बांधाजवळ जिथे कधी चाक गेले नाही तिथे. आठ ते बारा इंचांवर जोर लागला आणि त्याखाली शंकू पुन्हा सहज गेला, तर तो तवा. वर्षानुवर्षे एकाच खोलीची नांगरट आणि ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या, ही त्याची कारणे. पण खरखर लागून शंकू थांबलाच, तर तो मुरूम किंवा दगड असण्याचा संभव. खड्डा घेऊन बघावे. उथळ मुरमाड रानात सबसॉयलर घालणे म्हणजे वर दगड आणणे. जमीन चोपण असेल तर ते शंकू सांगत नाही. त्यासाठी मातीचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागेल.

तवा सापडला, तर सबसॉयलरचा फाळ त्याच्या खाली दोन इंच जाईल इतकाच लावावा. चाचणी वाफशावर, पण सबसॉयलर कोरड्यात, हे ध्यानात ठेवा. तवा कोरडा असला तरच तडकतो; ओला असला तर फाळ नुसती चीर पाडून जातो आणि चिरीच्या भिंती लिंपल्या जातात. नंतरच्या पहिल्या वाफशावर त्याच जागी पुन्हा टोचून फरक पाहावा. तोडणीआधी पाणी वेळेवर तोडून रान वाळू दिले नाही आणि ट्रॉली पुन्हा ओल्यात घातली, तर तवा परत बसायला फार दिवस लागत नाहीत.