संगणकातील नोंदींची साठवण : वेग आणि सुरक्षितता

नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंज या वस्तीला तिचे नाव लाकडाच्या व्यापारावरून मिळाले. लाकडाच्या टाली, आरागिरण्या आणि इमारती लाकडाची खरेदी-विक्री ही या भागाची जुनी ओळख होय. हेच नाव नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनलाही आहे. कर, पाणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी अशा कामांसाठी नागरिक झोन कार्यालयाकडे येतात. तेथील खिडकीपाशी उभ्या असलेल्या नागरिकाच्या दृष्टीने शासन म्हणजे त्याचे काम किती वेळात होते, हेच असते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मधील सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या बालकाच्या शाळाप्रवेशासारख्या अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रालाच मान्यता देण्यात आली आहे. संगणकातील एका नोंदीवर एका मुलाचा शाळाप्रवेश अवलंबून राहावा, इतके महत्त्व तिला आले आहे. म्हणूनच ती नोंद कोठे व कशी साठविली जाते, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

विलंब नेमका कोठे होतो?

सर्व्हर म्हणजे अनेक ठिकाणांहून येणाऱ्या मागण्या पुरविणारा मध्यवर्ती संगणक. असे बहुसंख्य सर्व्हर युनिक्स किंवा त्याच धर्तीच्या लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. युनिक्सचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. सर्व्हर मंद झाला की दोष बहुधा प्रक्रियकाला, म्हणजे हिशेब करणाऱ्या भागाला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो भाग रिकामाच असतो व डिस्कवरून नोंद येण्याची वाट पाहत असतो.

फिरत्या डिस्कचे गणित साधे आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजारांश भागांत मोजल्यास ८.३ भागांत पुरी होते. हवी असलेली नोंद वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. शीर्ष योग्य जागी सरकण्यास आणखी साडेआठ मिलिसेकंद धरले, तर एका नोंदीस जवळजवळ १३ मिलिसेकंद होतात. याचा अर्थ अशी एक डिस्क सेकंदाला सुमारे ८० विखुरलेल्या नोंदीच पुरवू शकते. मागण्या सेकंदाला २०० येऊ लागल्या की रांग लागते आणि संगणकातील ही रांग थोड्याच वेळात खिडकीबाहेरच्या रांगेत दिसू लागते.

स्ट्रायपिंग म्हणजे काय?

या अडचणीवरील उपाय लकडगंजच्या आरागिरणीतील उदाहरणाने सहज समजेल. दाराच्या एका चौकटीला चार तुकडे लागतात, दोन उभे व दोन आडवे. चारही तुकडे एकाच आऱ्यावर कापले, तर एकामागून एक चार पाळ्या लागतात. चार आऱ्यांवर एकाच वेळी कापले, तर चौकटीचे लाकूड जवळजवळ एका पाळीत तयार होते. डिस्क स्ट्रायपिंगचे तत्त्व हेच आहे. फाईलचे सारख्या आकाराचे पट्टे पाडून पहिला पट्टा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, याप्रमाणे आळीपाळीने ते ठेवले जातात. फाईल वाचताना सर्व डिस्क एकाच वेळी कामास लागतात. सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या एका डिस्कवरून ६,००० मेगाबाइटची फाईल वाचण्यास ४० सेकंद लागत असतील, तर तशा चार डिस्कवरून ती सुमारे १० सेकंदांत वाचता येते.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की, एकट्या लहान नोंदीस लागणारे १३ मिलिसेकंद स्ट्रायपिंगने कमी होत नाहीत, कमी होते ती रांग. मागण्या चार डिस्कवर सारख्या वाटल्या गेल्या, तर सेकंदाला ८० ऐवजी सुमारे ३२० नोंदी मिळू शकतात. दुसरी गोष्ट पट्ट्याच्या आकाराची. एकच मोठी फाईल सलग वाचायची असेल, तर लहान पट्टे उपयोगी पडतात, कारण सर्व डिस्क एकदम कामास लागतात. अनेक माणसे लहान लहान नोंदी मागत असतील, तर मात्र पट्टा मोठा ठेवणे इष्ट असते, म्हणजे एका नोंदीसाठी एकाच डिस्कला हलावे लागते व बाकीच्या डिस्क दुसऱ्यांच्या मागण्यांस मोकळ्या राहतात. तिसरी गोष्ट म्हणजे या डिस्क खरोखरच वेगवेगळ्या असल्या पाहिजेत. एकाच डिस्कचे चार कप्पे करून त्यांवर स्ट्रायपिंग केल्यास एकच शीर्ष चार कप्प्यांत धावत राहते आणि काम अधिकच मंदावते.

या तंत्राची वाटचाल

१९५६ साली आयबीएम कंपनीच्या रॅमॅक या यंत्रातील ५० चकत्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढे डिस्कची क्षमता झपाट्याने वाढली, परंतु शीर्ष सरकण्याचा वेग त्या मानाने वाढला नाही. १९८४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी युनिक्सची नवी फाईलरचना प्रसिद्ध केली. जुनी रचना डिस्कच्या वहनक्षमतेचा ३ ते ५ टक्के भागच वापरीत असे. मोठे ठोकळे आणि संबंधित नोंदींची जवळजवळ मांडणी यांमुळे हे प्रमाण ४७ टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे नवी डिस्क न घेताही केवळ मांडणी सुधारून पुष्कळ वेग मिळू शकतो. १९८६ साली केनेथ सेलम व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी डिस्क स्ट्रायपिंगवर निबंध प्रसिद्ध केला. १९८८ साली डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एका मोठ्या डिस्कचे काम घेण्याची ‘रेड’ ही पद्धत मांडली.

याच १९८८ साली पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची स्थापना झाली. त्याचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर यांनी १९६५ साली नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली होती. केंद्राने १९९१ साली परम ८००० आणि १९९८ साली परम १०००० हे महासंगणक तयार केले. यांपैकी दुसरा सोलारिस या युनिक्स प्रणालीवर चालत असे. अनेक प्रक्रियकांमध्ये काम वाटून देणे हे या यंत्रांचे मूळ तत्त्व होय. तेच तत्त्व साठवणीला लावले की स्ट्रायपिंग होते.

वेगाबरोबर येणारा धोका

चौकटीचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. चार आऱ्यांपैकी एकावरचा तुकडा नासला, तर उरलेल्या तीन तुकड्यांची चौकट होत नाही. नुसत्या स्ट्रायपिंगमध्ये एक डिस्क निकामी झाली, तर चारही डिस्कवरील फाईल निरुपयोगी होतात, कारण प्रत्येक मोठ्या फाईलचा काही भाग त्या डिस्कवर असतो. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याचा संभव ३ टक्के आहे. मग चारपैकी निदान एक बिघडण्याचा संभव ११ टक्क्यांहून अधिक होतो. हा आकडा अवास्तव नाही. बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ साली मोठ्या संगणक केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दरवर्षी २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणे ही सर्वसाधारण बाब असल्याचे दिसून आले व काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते.

यासाठी पॅरिटीची, म्हणजे पडताळ्याच्या नोंदीची योजना करण्यात आली. ७, ४ व ९ हे तीन आकडे तीन डिस्कवर आणि त्यांची बेरीज २० चौथ्या डिस्कवर ठेवली, असे समजू. ४ हा आकडा नाहीसा झाला, तरी २० मधून ७ व ९ वजा करून तो परत मिळतो. संगणकाची रीत थोडी निराळी असली, तरी आशय हाच आहे. ‘रेड ५’ या प्रकारात हा पडताळा सर्व डिस्कवर वाटून ठेवतात. त्याची किंमत मात्र नोंद लिहिताना द्यावी लागते. एक लहान नोंद बदलण्यासाठी जुनी नोंद व जुना पडताळा वाचणे आणि नवी नोंद व नवा पडताळा लिहिणे, अशा चार क्रिया होतात. ‘रेड १०’ या प्रकारात प्रत्येक पट्ट्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर असते, त्यामुळे दोनच क्रिया पुरतात, परंतु अर्धी जागा प्रतींत जाते. ४ टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्यास नुसत्या स्ट्रायपिंगमध्ये १६, रेड ५ मध्ये १२ आणि रेड १० मध्ये ८ टेराबाइट जागा मिळते. दिवसभर नव्या नोंदी होणाऱ्या कार्यालयास बहुधा शेवटचा प्रकार सोयीचा पडतो. जुने दस्तऐवज मुख्यतः वाचण्यासाठीच ठेवायचे असल्यास पडताळ्याची पद्धत काटकसरीची ठरते.

बिघडलेली डिस्क बदलल्यावर तिच्यावरील मजकूर पुन्हा भरावा लागतो. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने ४ टेराबाइट भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात व काम चालू असल्यास त्याहूनही अधिक. या अवधीत रेड ५ मधील दुसरी डिस्क गेली, तर सर्व काही जाते. म्हणून मोठ्या डिस्कसाठी दोन पडताळे ठेवणारी ‘रेड ६’ ही पद्धत वापरतात. फिरता भाग नसलेल्या सॉलिड स्टेट डिस्कमुळे नोंद मिळण्याचा वेळ खूपच कमी झाला आहे. पण त्याही बिघडतात आणि वरील हिशेब त्यांना चुकत नाही.

साठवण म्हणजे राखीव प्रत नव्हे

रेडची कोणतीही पद्धत यंत्रातील डिस्कच्या बिघाडापुरतीच उपयोगी आहे. कर्मचाऱ्याच्या हातून नोंद चुकून पुसली गेली, तर ती सर्व प्रतींतून त्याच क्षणी पुसली जाते. आग, पूर किंवा घातक प्रणालीचा हल्ला यांपुढे एका पेटीतील चार डिस्क सारख्याच असहाय असतात. सारा माल एकाच टालीत ठेवू नये, हे लाकडाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. नोंदींची राखीव प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे आणि तीवरून नोंदी खरोखर परत मिळतात की नाही, हे ठराविक काळाने तपासून पाहणे, या दोन्ही गोष्टी तितक्याच आवश्यक आहेत.

पदाधिकाऱ्यांनी विचारावयाचे प्रश्न

झोन कार्यालय असो, तालुक्याचे कार्यालय असो वा ग्रामपंचायत, सर्व्हरच्या खरेदीस किंवा कराराच्या नूतनीकरणास मंजुरी देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारणे उपयुक्त ठरेल. मंदपणा डिस्कमुळेच आहे, हे मोजून पाहिले आहे काय? युनिक्समधील ‘आयोस्टॅट’ व ‘सार’ या आज्ञांनी प्रत्येक डिस्कवरील भार पाहता येतो. डिस्क कोणत्या पद्धतीने जोडल्या आहेत आणि एक डिस्क गेल्यास काय होईल? बिघाडाची सूचना कोणाकडे जाते व बदली डिस्क हाताशी आहे काय? राखीव प्रत कोठे आहे आणि तीवरून नोंदी परत मिळवून पाहिल्याची तारीख कोणती?

या प्रश्नांसाठी तांत्रिक पदवीची गरज नाही. दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एवढे उमगले की पुरे. स्ट्रायपिंगने वेग वाढतो. सुरक्षितता मात्र स्वतंत्रपणे योजावी लागते आणि तिच्यासाठी वेगळा खर्च मंजूर करावा लागतो. प्रमाणपत्र दहा मिनिटे उशिरा मिळाले, तर नागरिकाचा वेळ जातो. त्यामागची नोंदच हरवली, तर त्याचा हक्क जातो. कागदी दप्तराला पूर्वी जी लोखंडी कपाटे व जी काळजी लाभत असे, तीच काळजी या अदृश्य दप्तराला मिळवून देणे हे ते सांभाळणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.